दोन खुर्च्यांचं दुकान टाकतोय, हत्यारं कुठली घेऊ?

फलटणचा नवा

नमस्कार मंडळी. चार वर्षं पुण्यात एका सलूनमध्ये कारागीर म्हणून काम केलं. आता गावाकडे फलटणला स्वतःचं दोन खुर्च्यांचं दुकान टाकतोय. गाळा मिळालाय, रस्त्यावरचा आहे, नळ आतच आहे. जमवलेल्या दीड लाखातले ५० हजार डिपॉझिटला गेले. उरलेल्या लाखात खुर्च्या, आरसे, मशीन, कात्र्या सगळं बसवायचंय.

पुण्यात हत्यारं मालकाची असायची. माझी स्वतःची म्हणाल तर एक सहा इंची कात्री आणि एक ट्रिमर, बस्स. व्हिडिओ बघायला बसलो तर जो तो वीस-पंचवीस वस्तूंची यादी वाचून दाखवतो आणि खाली खरेदीची लिंक देतो. इंटिरियरवाला म्हणतो ४५ हजारांत सीलिंग, रंगीत दिवे आणि भिंतीला लाकडी पट्ट्या करून देतो, दुकान पुण्यासारखं दिसेल. ज्यांनी स्वतः दुकान चालवलंय त्यांनी सांगा, पैसा कुठे घालू आणि कुठे हात आखडता घेऊ?

---

तिसरी पिढी

आधी अभिनंदन. स्वतःची खुर्ची टाकायला धाडस लागतं.

मी बार्शीकडचा, २८ वर्षं झाली या धंद्यात. माझ्या आजोबांची धोकटी अजून घरात आहे. चामड्याची, दोरीने गुंडाळायची. त्यात एक वस्तरा, एक कात्री, नख काढायची नराणी, चिमटा, शिंगाचा कंगवा, पितळेची वाटी, सहाणेचा तुकडा, वस्तरा घासायचा चामडी पट्टा आणि हातात मावेल एवढा आरसा. संपलं. एवढ्यावर त्यांनी बलुत्यातली चार गावं सांभाळली. सेना महाराजांच्या अभंगातसुद्धा आरसा आणि चिमटाच येतो बघ. हे सांगतोय ते जुनं ते सोनं म्हणून नव्हे. धोकटीत जागाच कमी, म्हणून आत जाणारी प्रत्येक वस्तू त्यांनी पारखून घेतलेली होती. तू पण तसंच कर.

माझा हिशेब एकच आहे. गिऱ्हाइकाच्या कातडीला आणि केसाला जे लागतं त्यावर पहिला पैसा. तुझ्या पाठीला आणि मनगटाला जे सांभाळतं त्यावर दुसरा. भिंतीला जे लागतं ते सगळ्यात शेवटी. सीलिंगचे ४५ हजार आत्ता नकोत.

कात्रीपासून सुरू करतो, कारण इथेच पोरं फसतात. दोन प्रकारच्या कात्र्या घे. एक रोजच्या राबत्याची, मेरठची. मेरठच्या कात्रीला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तिथे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालतं. तीन-चारशे रुपयांत साडेसहा-सात इंची कात्री मिळते. कंगव्यावर साइड मारायला, जाड राठ केसाला, लहान पोरांच्या डोक्याला ती वापर. पडली तरी जीव जात नाही. दुसरी मात्र चांगल्या पोलादाची घे, ४४०सी किंवा त्याच्या वरच्या जातीची. आतून पोकळ घासलेली आणि बाहेरून गोलसर धारेची. ही केस कापते तेव्हा आवाज जवळजवळ येत नाही. पाच हजारांच्या पुढे जाईल, पण नीट ठेवलीस तर दहा वर्षं जाते.

आता ती नीट कशी ठेवायची ते. अंगठ्याच्या कडीने कात्री धर, टोक वर. दुसरं पातं उचलून काटकोनात ने आणि सोडून दे. पातं स्वतःच्या वजनाने खाली यायला हवं आणि पूर्ण मिटायच्या आधी, साधारण तिसरा हिस्सा उघडं असताना थांबायला हवं. धाडकन मिटलं तर स्क्रू सैल आहे, केस कापायच्या ऐवजी पात्यात दुमडतो आणि गिऱ्हाईक ‘आई गं’ म्हणतं. वरच अडकलं तर फार कसलाय, संध्याकाळी तुझा अंगठा बोलेल. रोज रात्री पातं पुसायचं, स्क्रूपाशी तेलाचा एक थेंब, दोनदा उघडमिट, परत पुसायचं. त्या कात्रीने कागद, सॅशे, दोरा काहीही कापायचं नाही. घरच्यांना पण बजावून ठेव.

आणि धार. २०११ मध्ये मी माझी सात हजारांची कात्री बाजारातल्या एका चाकवाल्याकडे दिली. त्याने सुऱ्या-कोयत्यांच्या दगडावर धरली, ठिणग्या उडाल्या, पाच मिनिटांत ‘घ्या चकाचक’. गोलसर धार सपाट झाली ती झालीच. त्यानंतर ती कात्री ओला केस धरायचीच नाही, ढकलायची. गोलसर धार पाण्याच्या दगडावर, हाताने, हळू लावावी लागते. कात्री घेतानाच दुकानदाराला विचार की धार कोण लावतं. त्याला उत्तर नसेल तर त्याच्याकडून महाग कात्री घेऊ नकोस.

---

कात्रीवाली ठाणे

तिसरी पिढी, स्क्रूची परीक्षा अगदी बरोबर. मी आमच्या शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी हेच दाखवते.

फलटणकर दादा, थोडी भर. कात्रीची लांबी मित्राची बघून घेऊ नका. पातं साधारण आपल्या मधल्या बोटाएवढं असलं की हात अवघडत नाही. दोन्ही कड्या समोरासमोर असलेली कात्री अंगठ्याला फार ताणते, अंगठ्याची कडी थोडी आखूड असलेली घ्या. माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सहाव्या वर्षी दुखणं सुरू झालं, रात्री झोपमोड व्हायची. कात्री बदलली, मनगटाचे व्यायाम सुरू केले, तेव्हा कुठे थांबलं. तोवर मी ते ‘कामाचं दुखणं’ म्हणून सोसत राहिले, तसं करू नका.

थिनिंग कात्री, म्हणजे केस विरळ करायची दातेरी कात्री, एकच घ्या, पण बरी घ्या. स्वस्तातली दात्यात केस अडकवते आणि ओढते. आणि तुमच्याकडे कुणी डावखुरा कारागीर येणार असेल तर त्याला डावखुऱ्यांचीच कात्री द्या. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकींपासून लांब ढकलली जातात, चुकीच्या दाबाने काम करावं लागतं आणि हात लवकर जातो.

---

मोटर रिवाइंडिंग नाशिक

मी न्हावी नाही, पण आसपासच्या बऱ्याच दुकानांची मशीनं माझ्याकडे दुरुस्तीला येतात. मशीनबद्दल मी बोलतो.

केस कापायचं विजेवरचं मशीन आणलं ते लिओ वॉल यांनी. अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या स्टर्लिंग गावी १९१९ मध्ये पेटंटसाठी अर्ज, १९२१ मध्ये पेटंट. त्यांच्या नावाची वॉल कंपनी आजही चालू आहे. त्या घराण्यातली बहुतेक वायरवाली मशीनं चुंबकाच्या मोटरवर चालतात. आत तारेची गुंडाळी आहे, ती पट्टी ओढते आणि सोडते, पातं मागे-पुढे होतं. फिरणारी मोटर नाहीच. म्हणून ती दणकट आणि दुरुस्तीला सोपी.

आता खरी गोष्ट. अमेरिकेतून मामा, मावसभाऊ कुणीतरी भारीतलं मशीन भेट आणतो. तिकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. थेट लावलं की गुंडाळी जळते, असं मशीन महिन्याला एक तरी येतं. मग लोक कन्व्हर्टर आणतात. कन्व्हर्टर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. चुंबकी मशीन हर्ट्झच्या दुप्पट मारे मारतं. तिकडे मिनिटाला ७२०० मारे, इथे तेच ६०००. आतली स्प्रिंग ७२०० च्या हिशेबाने बसवलेली असते, म्हणून ते इथे खडखडतं, तापतं आणि केस ओढतं. भेट म्हणून दिलेली वस्तू फेकवत नाही, पण गिऱ्हाइकाच्या डोक्याला लावू नका. घ्यायचंच तर भारतासाठी बनवलेलं घ्या, बॉक्सवर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ वाचून.

फलटणला वीज जाते का? जात असेल तर निदान एक मशीन बिनवायरचं, लिथियम बॅटरीचं हवंच. अर्धं डोकं झालं आणि लाइट गेली, यापेक्षा वाईट वेळ नाही.

आणि हात जोडून सांगतो, मशीनला खोबरेल घालू नका. थंडीत ते थिजतं. डिसेंबर-जानेवारीत माझ्याकडे ‘मोटर गेली’ म्हणून येणाऱ्या मशीनांपैकी कितीतरी अशी असतात की पातं उघडलं की आत पांढरं मेण झालेलं खोबरेल आणि त्यात केसांचा भुगा. शिलाई मशीनचं पातळ तेल कुठेही मिळतं. मशीन चालू ठेवून पात्याच्या दातांवर दोन-तीन थेंब, मग पुसून टाका.

---

तिसरी पिढी

खोबरेलाचं शंभर टक्के खरं. मी पण सुरुवातीला तेच घालायचो.

मशीनच्या कंगव्यांबद्दल: एक नंबर ३ मिलिमीटर, दोन नंबर ६, तीन १०, चार १३. हे सगळे संचात येतात. पण फेड मारायचा, म्हणजे केस खालून वर हळूहळू लांब होत न्यायचे, तर अर्धा नंबर (दीड मिलिमीटर) आणि दीड नंबर (साडेचार मिलिमीटर) वेगळे मागून घे. एकावरून दोनवर उडी मारली की डोक्याला रेघ राहते आणि ती पुसताना दहा मिनिटं जातात.

बाकी मशीनआधी कंगव्यावर कात्री चालवायचा हात पक्का असू दे. पुण्याला चार वर्षं काढलीस म्हणजे असेलच.

---

परिचारिका अकोला

धागा वाचत होते, राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी सरकारी दवाखान्यात काम करते.

कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात, निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. डोळ्याला रक्त दिसायचीही गरज नसते. वस्तऱ्यात दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड, हे आता बहुतेक जण करतात आणि गिऱ्हाइकं बघतातही. पण ब्लेड जिथे बसतं ती वस्तऱ्याची खाच कोण धुतं? आणि तुरटीचा खडा? दाढी झाली की तोच खडा पाण्यात बुडवून याच्या गालावरून, मग त्याच्या गालावरून. आणि जिथे कापलंय नेमका तिथेच तो मुद्दाम घासला जातो. मी आमच्या गल्लीतल्या दुकानात हे पाहिलंय आणि तिथल्या दादांशी बोलल्येय, ते चांगले आहेत, त्यांनी लगेच बदललं. तुरटीची पूड डबीत ठेवा, स्वच्छ कापसावर घ्या, लावा, कापूस टाकून द्या. खर्च शून्य.

डोक्याचा नायटा, गजकर्ण हे कंगव्यावरून आणि मशीनच्या पात्यावरून पसरतं. लहान मुलांना फार. डोक्यावर गोल चट्टा, केस तुटलेले दिसले तर काम थांबवा आणि प्रेमाने डॉक्टरकडे पाठवा. चारचौघांत ओरडून सांगू नका, आईबापाला बाजूला घ्या.

आणि दादा, तुम्ही स्वतः कावीळ ब ची लस घेतलीय का? तीन डोस असतात, पहिला, एका महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. रोज ब्लेड हाताळणाऱ्याने घ्यायलाच हवी. तुमच्या हत्यारांच्या यादीत ती पहिली धरा.

---

फलटणचा नवा

ताई, लस घेतलेली नाही. कुणी कधी सांगितलंच नाही. या आठवड्यात पहिला डोस घेतो.

तुरटीचा खडा आमच्याही सलूनमध्ये एकच होता. वाचून अंगावर काटा आला. आता विचारतो, हत्यारं निर्जंतुक करायला ती निळ्या दिव्याची पेटी घेऊ का? अडीच हजारांना आहे.

---

परिचारिका अकोला

पेटीचा उजेड जिथे पोचतो तिथेच काम करतो. कात्रीच्या मिटलेल्या पात्यात, कंगव्याच्या दात्यांच्या मुळाशी सावली असते, केस आणि तेल असेल तर तिथेही नाही. धुतलेली हत्यारं ठेवायला कपाट म्हणून घ्या हवं तर. तिच्यावर विसंबू नका.

क्रम असा ठेवा: आधी केस झटकून साबणाच्या पाण्याने ब्रश मारून धुणं, मग कोरडं करणं, मग जंतुनाशक. धुतल्याशिवाय औषध वाया जातं. धातूला ७० टक्के अल्कोहोल चालतं, ते शंभर टक्क्यांपेक्षा जास्त गुणकारी असतं कारण त्यातल्या पाण्यामुळे ते लगेच उडत नाही आणि जंतूच्या आत शिरतं. ब्लीचिंगचं पाणी कात्रीला लावू नका, गंजते. सलूनसाठीची तयार निळी द्रावणं मिळतात, त्यांच्या बाटलीवर जितकी मिनिटं लिहिलीत तितकी मिनिटं हत्यार बुडलेलं राहू द्या. बुचकळून काढणं म्हणजे नुसता रंग लावणं.

---

तिसरी पिढी

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. हत्यार दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचं तर तोवर दुसरं हातात हवं. म्हणून कंगवे डझनाने घे. वस्तऱ्याचे दांडे खुर्चीमागे तीन. एक वापरात, एक बुडालेला, एक कोरडा. हे मी २०२० च्या टाळेबंदीनंतर शिकलो. २८ जूनला राज्यात दुकानं उघडायला परवानगी मिळाली, ती पण फक्त कटिंगला, दाढीला नाही. तीन महिने घरी बसून हातात पैसा नव्हता, तरी पहिल्या आठवड्यात मी कंगवेच आणले. गिऱ्हाईक खुर्चीत बसल्यावर आधी माझ्या हातांकडे बघायचं, मग आरशात. ती नजर मी विसरलो नाही.

अजून एक, झाकणाला फट पाडलेला पत्र्याचा डबा. वापरलेलं ब्लेड त्या फटीतून आत. भरला की चिकटपट्टीने बंद करून वर ‘ब्लेड’ लिहून द्यायचा. आमच्या घंटागाडीवरच्या बाईंच्या तळव्यात एका दुकानाच्या कचऱ्यातलं अर्धं ब्लेड घुसलं होतं, चार टाके पडले. माझं दुकान नव्हतं ते, पण माझं असू शकलं असतं. त्या दिवशी डबा केला.

---

चौकातला मुकुंद

वरच्या सगळ्यांचा आदर ठेवून थोडं वेगळं मत. माझं अहिल्यानगरला दुकान आहे. १८ ते २५ वयाची पोरं बाहेरून दुकान बघूनच आत येतात. कात्री ४४०सी आहे की काय हे त्यांना कळत नाही. दुकान अंधारं, रंग उडालेला असेल तर ती पलीकडे जातात. दिसण्यावर काहीच खर्च नको, हे मला पटत नाही.

---

तिसरी पिढी

मुकुंद, तुझं निम्मं बरोबर आहे आणि ते मी लिहायला हवं होतं. उजेड आणि आरसा यांना मी भिंतीचा खर्च धरत नाही, ती हत्यारंच आहेत. नुसता डोक्यावर एक दिवा असला तर कानामागे सावली पडते आणि तिथेच फेड बिघडतो. आरशाच्या दोन्ही बाजूंना उभे पांढरे दिवे हवेत, फार पिवळे नकोत आणि निळसरही नकोत, नाहीतर केसाच्या रंगाचा अंदाज चुकतो. आरसा चांगल्या जाड काचेचा, लहर नसलेला. भिंतीला एक हलका रंग. एवढं केलं की दुकान बाहेरूनही उठून दिसतं. रंगीत पट्ट्या मात्र नकोत, त्यांचा निळा-जांभळा उजेड कातडीवर पडला की पुरळ आहे की सावली, कळत नाही.

---

चौकातला मुकुंद

हे मान्य. माझ्याकडे त्या पट्ट्या आहेत, आणि कामाच्या वेळी मी त्या बंदच ठेवतो.

---

कात्रीवाली ठाणे

खुर्चीबद्दल कुणीच बोललं नाही. हायड्रॉलिक खुर्ची जुनी घेतली तर चालते, पण बघून. एखाद्या ऐंशी किलोच्या माणसाला बसवा, पंप मारून पूर्ण वर न्या आणि दहा मिनिटं तिथेच गप्पा मारा. खुर्ची खाली उतरत असेल तर आतलं सील गेलंय. खाली तेलाचा डाग आहे का बघा. दाढीसाठी पाठ मागे जाऊन पक्की अडकते का, डोक्याची उशी हलते का, तेही बघा.

आणि स्वतः उभे राहता तिथे जाड रबरी चटई टाका. फरशीवर दहा तास उभं राहणाऱ्याच्या पोटऱ्यांच्या शिरा फुगतात. आमच्यातल्या दोघींची त्यासाठी शस्त्रक्रिया झाली.

---

खेड्यातला शिक्षक

मी फक्त गिऱ्हाईक. पण पैशाचं म्हणून सांगतो, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि त्यात नाभिक आहे. नोंदणी सामायिक सेवा केंद्रावर होते. मूळ प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचं, रोज ५०० रुपये विद्यावेतन. हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंतचं ई-व्हाउचर. पुढे एक लाखाचं कर्ज ५ टक्के व्याजाने, तारणाशिवाय, ते १८ महिन्यांत फेडलं की दोन लाखांपर्यंत. कुटुंबातल्या एकालाच मिळतं, म्हणून घरात आधी विचारा. आमच्या गावातल्या एकाचे कागद मी भरून दिले होते.

---

फलटणचा नवा

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा वाचनखुणेत ठेवलाय. दीड महिना झाला, म्हणून हिशेब टाकतो.

खुर्च्या पुण्यातून जुन्या घेतल्या, दोन मिळून २२ हजार. तीन बघितल्या होत्या. तिसरी दहा मिनिटांत चार बोटं खाली उतरली, ती सोडली. आरसे आणि उभे दिवे १४ हजार. वायरचं आणि बिनवायरचं अशी दोन मशीनं आणि एक ट्रिमर, साडेअकरा हजार. चांगली कात्री सात हजारांची, मेरठच्या दोन मिळून सातशेच्या, थिनिंग २२००. कंगवे, वस्तऱ्याचे दांडे, बुडवायच्या बरण्या, अल्कोहोल, मानेचे कागद, ब्लेडची पाकिटं, रबरी चटया मिळून सहा हजार. टॉवेल आणि अंगावर टाकायचे कपडे पाच. इन्व्हर्टर १८ हजार. एकूण ८६,४००. उरलेल्या १३,६०० मधून भिंतीला रंग दिला, बाकी पहिल्या महिन्याचं भाडं. विश्वकर्माची नोंदणी केलीय, प्रशिक्षणाची तारीख यायचीय.

सीलिंग केलं नाही. लसीचे दोन डोस झाले.

काल एक आजोबा आले. दाढी झाल्यावर म्हणाले, तुरटी कुठाय? मी डबीतून कापसावर घेतली. त्यांनी तो कापूस हातात घेऊन वळवून बघितला, मग मान पुढे केली. जाताना विचारून गेले की सोमवारी दुकान उघडं असतं का.

एकच अडचण उरलीय. इथे गोलसर धार लावणारा कुणी नाही. पुण्याला पाठवू का?

---

तिसरी पिढी

पुण्याला पाठव, पण कुरिअरने सुटी नको. पात्यात कागद घालून, मिटवून, कडक डब्यात. त्या आठ दिवसांसाठी मेरठची आहेच. आणि स्वतः जाणार असशील तर धार लावून झाल्यावर तिथेच ओला टिश्यू कापून बघ. कागद न ओढता, न दुमडता, टोकापर्यंत सरळ कापला गेला पाहिजे. टोकाला अडकला तर लगेच परत दे, घरी आल्यावर नको.